आंब्याच्या फळीवर तेलाचा हात दिला की चट्टे पडतात. रेषा उठाव्यात, पण डाग नकोत

सातवी_गल्ली (राजारामपुरी)

आंब्याच्या चार फळ्या जोडून जेवणाच्या टेबलाचा टॉप तयार आहे. ५ फूट × २.५ फूट, जाडी सव्वा इंच. मीटरवर ओल ११ ते १२ टक्के दिसते. मशीनचा रंधा मारून ८०, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर झालाय. टॉपला अजून काही लावलेलं नाही.

त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर डबल बॉईल बेलतेल (म्हणजे जवसाचं तेल) आणि टर्पेंटाईन निम्मंनिम्म करून लावून बघितलं. काही भागात रेषा झकास उठल्या, पण मध्येच तळहाताएवढे काळपट चट्टे पडले. आडवी कापलेली टोकं तर जवळजवळ काळीच झाली. उलट जोडाच्या कडेला बोटभर फिकट पट्टा राहिला, तिथं तेल घेतलंच नाही.

चकचकीत पॉलिश नकोय, लाकूड लाकडासारखं दिसावं एवढंच. चट्टे नेमके कशामुळं आणि टॉपवर हात देण्याआधी काय करायचं? आणि गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यातून आलेल्या पॅकिंग क्रेटच्या पाइन फळ्यांचं शेल्फ पण करायचंय. त्यालाही हीच पद्धत चालेल का?

---

लाखेचा_डबा

तीन वेगळ्या तक्रारी आहेत, तीनही वेगवेगळ्या कारणांनी.

जोडाकडचा फिकट पट्टा म्हणजे फेविकॉल. जोड आवळताना बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसला की तो पातळ होऊन रेषांत शिरतो. कोरड्या लाकडावर दिसत नाही, तेल लागलं की दिसतो. १८० च्या पेपरनं तो निघत नाही, स्क्रेपरनं खरवडूनच काढावा लागतो. स्क्रेपर नसेल तर जुने सुतार वापरायचे तसा काचेचा सरळ कडेचा तुकडा चालतो. पुढच्या वेळी गोंद पुसायचाच नाही. पाऊण तासानं रबरासारखा झाला की पटाशीनं पट्टीच्या पट्टी उचलायची.

टोकं काळी होतात, कारण लाकडाच्या नळ्या तिथं उघड्या तोंडानं असतात आणि तेल आतपर्यंत ओढतात. टॉपला १८० वर थांबला असाल तर टोकांना २२०, मग ३२० पर्यंत जा. घासून टोक जितकं गुळगुळीत, तितकं तेल कमी पितं.

चट्टे मात्र लाकडाच्या स्वभावातच आहेत. आंब्याच्या रेषा सरळ जात नाहीत, वरखाली वळतात, एकमेकींत अडकतात. जिथं रेषा पृष्ठभागाकडे वळून वर येतात तिथं खरं तर बारीक बारीक आडवं टोकच उघडं पडलेलं असतं. तेल तिथं जास्त मुरतं, तो भाग गडद होतो. शेजारी रेषा आडव्या पसरलेल्या असतात तिथं कमी मुरतं. म्हणजे ज्या वळणांमुळं आंब्याला ती हलणारी चमक येते, त्याच वळणांमुळं चट्टेही पडतात. चट्टे शंभर टक्के घालवले तर चमकही जाते. किती ठेवायचे हे आधी ठरवा.

एक तपासणी आजच करा. संपूर्ण टॉप नुसत्या मिनरल टर्पेंटाईननं ओला करा, तिरक्या उजेडात बघा. वाळायच्या आत दिसेल ते जवळपास तेलाखालचं चित्र असतं. फिकट दिसेल तो गोंद. त्याला पेन्सिलीनं गोल करा. गडद दिसतील ते संभाव्य चट्टे. आणि लाकूड कोरडं असतानाच करडे-निळसर ढग दिसत असतील तर तो बुरशीचा डाग आहे. आंब्याला कापल्यावर वेळेत सुकवलं नाही की धरतो. तो तेलानं आणखी उठणार, कुठल्याही अस्तरानं झाकला जाणार नाही.

आता उपाय. तेलाआधी लाखेचं अगदी पातळ अस्तर. जास्त तहानलेल्या भागात लाख आधी जाऊन बसते, मग तेल सगळीकडे साधारण सारखं जातं. मापं:

२५० मिली स्पिरिटमध्ये १५ ग्रॅम चपडा (पातळ पापुद्र्यांची) लाख. म्हणजे लिटरला ६० ग्रॅम. तुमच्या टॉपच्या एका बाजूला शंभर-सव्वाशे मिली लागेल, तेव्हा एवढ्यात दोन्ही बाजू होतात. लाख स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, अंदाजानं टाकू नका. काचेच्या बरणीत भिजवा, रात्रभर अधूनमधून हलवा, नंतर दोन-तीन दिवस बरणीला हात लावू नका. आपल्याकडच्या साध्या चपड्यात थोडं मेण असतं. इतक्या पातळ द्रावणात ते तळाला बसतं आणि वर चहाच्या रंगाचं नितळ पाणी राहतं. तेवढंच अलगद ओतून घ्या. मेण आत राहिलं तर वरचं व्हार्निश नीट धरत नाही.

लाख जुनी असेल तर आधी काचेवर थेंब टाकून बघा. तासा-दोन तासात नखानं ओरखडा न उठण्याइतका कडक व्हायला हवा. चिकटच राहिला तर ती लाख फेकायची. पुढं कितीही दिवस थांबलात तरी कडक होणार नाही. भिजवलेली लाख सहा महिन्यांच्या वर ठेवू नये.

लावताना मऊ सुती बोळा, रेषेच्या दिशेनं, एका दमात टोकापासून टोकापर्यंत. मागं वळून त्याच जागी परत बोळा फिरवू नका, स्पिरिट लगेच उडतं आणि पट्टे पडतात. टोकांना दोन हात. दोन-तीन तास वाळू द्या, मग ३२० चा झिजलेला पेपर हलक्या हातानं. हात फिरवल्यावर रेशमी लागलं की थांबा. पेपर दाबून मारलात तर उंचवट्यांवरची लाख निघून जाईल आणि तिथं पुन्हा चट्टा.

स्पिरिट पेट घेतं आणि विषारी असतं. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस पेटलेला नको.

---

बोळेवाला_मिरज

लाखेचं अस्तर पाइनला ठीक आहे, पण आंब्यावर लाख घालून वर तेल देणं म्हणजे रेनकोट घालून आंघोळ. तेल आत गेलंच नाही तर रेषा उठणार कशा? माझ्या मते तेल पुरेसं न दिल्यामुळं चट्टे दिसतात. पातळ न करता तेल भरपूर ओता, वीस मिनिटं ओलं ठेवा, जिथं कोरडं पडेल तिथं पुन्हा द्या. सगळी फळी पोट भरून प्याली की फरक कमी होतो. मग कोरड्या फडक्यानं सगळं पुसून घ्या.

आणि पहिला हात निम्मं टर्पेंटाईन घालून देण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्याला चूक म्हणता येणार नाही.

---

लाखेचा_डबा

पद्धत आहे, पण ती सागासाठी. साग मुळात चट्टे धरत नाही. आंब्यावर पातळ केलेलं तेल सच्छिद्र भागात जास्त खोल शिरतं आणि घट्ट भागात आधीसारखंच वरवर राहतं. फरक वाढतो. प्रश्नकर्त्याच्या नमुन्यात तेच झालंय.

पोटभर तेल द्यायचं तुमचं म्हणणं मात्र निम्मं बरोबर आहे. फरक थोडा कमी होतो, पण सगळी फळी दोन छटा गडद होते आणि आतलं तेल पुढं कित्येक दिवस वाळत राहतं. उन्हं लागली की छिद्रांतून परत वर झिरपतं आणि थेंब-थेंब कडक होऊन बसतं. त्यामुळं पहिल्या दिवशी दर तासाला पुसत राहावं लागतं. टेबलाला ते झेपत असेल तर करा.

आणि ६० ग्रॅमचं अस्तर घासून घेतल्यावर आडकाठी करतं, पण दार बंद करत नाही. तेल जातं, फक्त सावकाश. १२० ग्रॅमचं अस्तर आंब्यावर दिलं तर मात्र तुम्ही म्हणता तसं होतं, फळी प्लायवर चिकटवलेल्या कागदासारखी निर्जीव दिसते.

वाद मिटवायला नमुन्याची फळी आहेच. दोन फूट लांब तुकडा, टॉपसारखाच घासलेला. मास्किंग टेपनं चार पट्टे करा: एक कोरा, एक लिटरला ३० ग्रॅमवाला, एक ६०, एक १२०. वरून सगळ्यांवर एकच तेल. दोन दिवसांनी जिथं जेवणार त्याच खोलीच्या उजेडात ठेवून बघा. आंब्याला बहुतेक वेळा ३० आणि ६० च्या मधलं काहीतरी आवडतं.

---

उद्यमनगरकर

पेपरबद्दल एक राहिलं. मशीनच्या रंध्याची पाती बोथट असली तर ती लाकूड कापत नाहीत, दाबतात. असे पट्टे बोटाला गुळगुळीत लागतात, पण तेल घेत नाहीत, आणि १२० नं ते जात नाहीत. ८० वर पुन्हा जा, पेन्सिलीनं सगळ्या टॉपवर वेड्यावाकड्या रेघा मारा, त्या एकसारख्या निघेपर्यंत घासा. मग १२०, १५०, १८०. नंबर गाळायचा नाही. प्रत्येक नंबरनंतर ब्रशनं आणि फडक्यानं भुगा झाडा, नाहीतर ८० चा एखादा कण १८० च्या खाली सापडून ओरखडे पाडतो.

गोल फिरणारं सँडर असेल तर शेवटचे दोन हात तरी लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून रेषेच्या दिशेनं हातानं मारा. गोल ओरखडे कोरडे असताना दिसत नाहीत. तेल पडलं की शेकड्यानं दिसतात आणि लोक त्यालाच चट्टे म्हणतात.

१८० नंतर ओल्या फडक्यानं टॉप एकदा पुसून पूर्ण वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतील, ते २२० नं दोनदा फिरवून काढा. टॉपला यापुढं जाऊ नका. ४०० पर्यंत घासलेली फळी तेलच घेत नाही, फिकट आणि प्लास्टिकसारखी दिसते.

आंबा काजूच्याच कुळातला. भुग्यानं काहींच्या अंगाला खाज सुटते, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

---

सातवी_गल्ली (राजारामपुरी)

टर्पेंटाईननं पुसून बघितलं, गोंदाचे पाच पट्टे सापडले. ते आता खरवडतोय. दोन शंका.

घरात सगळे म्हणतायत घाण्याचं शेंगतेल चांगलं, वास पण येत नाही, आणि जेवणाच्या टेबलाला तेच बरं. चालेल का? आणि अस्तरावर नुसतं बेलतेल द्यायचं की आणखी काही?

---

आजरा_घनसाळ

शेंगतेल अजिबात नको भावा. लाकडावर जे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं तेच कामाचं. जवसाचं होतं, टुंगाचं होतं, अक्रोडाचं होतं. शेंगतेल आणि खोबरेल होत नाही. ते आत ओलंच राहतं, धूळ धरतं, पुढं खवट वास सुटतो. आणि एकदा मुरलं की वर कुठलंच पॉलिश नीट बसत नाही. करडईचं तेल मधलं आहे. वाळतं, पण फार सावकाश. जवसासारखं पिवळं पडत नाही म्हणून चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात वापरतात. टेबलाला एवढा धीर कोण धरणार!

आमच्याकडं विचारतात म्हणून सांगून ठेवतो, काजूच्या टरफलाचं तेलही नको. होड्यांना, खांबांना लावतात ते. लाकूड काळं करतं आणि कच्चं असेल तर कातडी भाजते.

बेलतेल घेताना डब्यावर डबल बॉईल लिहिलेलं बघून घ्या. ते नुसतं उकळलेलं नसतं, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात. म्हणून एक-दोन दिवसात वाळतं. घाण्यावरचं कच्चं जवसतेल पातळ हातानंही आठवडा-दोन आठवडे घेतं. पण पोळपाट-लाटणं, काठवट असं काही असेल तर तिथं कच्चंच वापरा, डबल बॉईल नको.

---

लाखेचा_डबा

अस्तरावर नुसतं बेलतेल देऊ नका, जेवणाच्या टेबलावर तर नाहीच. ताटाखालचं पाणी दहा मिनिटं राहिलं तरी पांढरट गोल उमटतो, रस्सा सांडला की हळदीचा डाग आत. तीन समान भाग करा: साधं तेलाधारित व्हार्निश १, डबल बॉईल बेलतेल १, मिनरल टर्पेंटाईन १. व्हार्निश पॉलियुरेथेनचं असलं तरी चालेल, फक्त पाण्यावर चालणारं नको, ते तेलात मिसळत नाही. तुमच्या टॉपला वरच्या बाजूच्या पहिल्या हाताला शंभर मिलीच्या आसपास, पुढच्या प्रत्येक हाताला त्याच्या निम्मं. दोन्ही बाजू धरून ६०० मिलीचं मिश्रण सगळ्याला पुरून उरेल.

फडक्यानं चोळून लावा, दहा मिनिटं थांबा, मग सगळं पुसा. सगळं म्हणजे हाताला ओशट लागणार नाही इतकं. खाली अस्तर असल्यामुळं तेल कमी मुरतं, जे वर राहील ते चिकट होऊन बसेल. या पद्धतीत बहुतेक बिघाड इथंच होतो. २४ तासांनी दुसरा हात, असे चार. दुसऱ्या हातानंतर ३२० चा पेपर तेलात भिजवून हलकेच फिरवला तर छिद्रं भरतात आणि पृष्ठभाग एकजीव होतो. खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. एक बाजू उघडी राहिली तर ती ओल वेगळ्या वेगानं घेते-सोडते आणि टॉप पन्हळीसारखा वाकतो.

थोडा मधाळ रंग हवा असेल तर वेगळं स्टेन घेऊ नका, अस्तरासाठी चपड्याऐवजी बटनलाख घ्या. तीच मापं. तिचा रंग गडद असतो, म्हणून नमुन्यावर नक्की बघा. आंब्याचा फिकट पिवळेपणा त्यानं सागाच्या जवळ जातो.

---

बोळेवाला_मिरज

मिश्रण मान्य. मी ३० ग्रॅमवर येतो, ६० वर नाही.

---

उद्यमनगरकर

पाइनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

आधी क्रेटवरचा शिक्का बघा. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि खाली अक्षरं असतात. एचटी म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेली, ती घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, घरात आणू नका. शिक्काच नसेल किंवा फळीवर तेल-ग्रीसचा डाग असेल तर ती फळीही बाजूला ठेवा. ग्रीस लाकडात गेलेलं असतं, त्यावर काहीही वाळत नाही. घासण्याआधी लोहचुंबक फिरवून तुटके खिळे शोधा, नाहीतर रंध्याची पाती गेलीच.

पाइनमध्ये दोन थर असतात. वसंतात वाढलेला मऊ आणि नंतरचा कडक. मऊ भाग रंग पितो, कडक पीत नाही, त्यामुळं कच्च्या लाकडात जी रेष गडद दिसते ती स्टेननंतर फिकट दिसते, सगळं चित्र उलटं होतं. इथं ३० ग्रॅमचं काम नाही. लिटरला १२० ग्रॅमचा एक हात, ३२० नं घासून वर तेच तीन भागांचं मिश्रण. गाठींना आधी वेगळे दोन हात लाख, नाहीतर उन्हाळ्यात राळ पाझरते. पाइनला स्टेन द्यायचाच असेल तर जेलचा घ्या, तो वर बसतो, आत पळत नाही.

साग किंवा शिसम कुणी करत असेल तर त्यांचा प्रश्न वेगळा. चट्टे पडत नाहीत, पण त्यांच्या अंगचा नैसर्गिक तेलकटपणा तेलाला वाळू देत नाही. शिसमावर बेलतेल आठवडाभर चिकट राहिलं तर दोष तेलाचा नाही. एनसी थिनरनं (लॅकर पातळ करायच्या द्रावणानं) पुसून लगेच पहिला हात द्यायचा, किंवा लाखेचा एक हात मारून तो तेलकटपणा वरच्या तेलापासून वेगळा करायचा.

---

सातवी_गल्ली (राजारामपुरी)

पट्टे करून ३०, ६०, १२० बघतोच. शेवटचं: आता जुलै चाललाय. थांबू का?

---

लाखेचा_डबा

लाखेसाठी थांबा, निदान पाऊस धरलेल्या दिवशी तरी काम काढू नका. हवेतली आर्द्रता ८०–८५ टक्क्यांच्या वर असली की स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर पाणी धरतं आणि लाख दुधाळ पडते. पडलीच तर कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा बोळा झपकन एकदा फिरवा, ती विरघळून परत नितळ होते. बरणीत पाणी मिसळलेलं स्पिरिट असलं तरी हेच होतं, म्हणून शेवटचं उरलेलं, झाकण उघडं राहिलेलं स्पिरिट वापरू नका.

लाकडाचंही बघा. मीटरवर आज ११–१२ आहे म्हणता, पण ८५ टक्के आर्द्रतेत उघडा टॉप काही आठवड्यांत १६–१७ पर्यंत जाऊ शकतो. तसाच बंद केला तर मार्चमध्ये जोडाला चीर. भिंतीला टेकवून न ठेवता, खाली पट्ट्या देऊन आडवा ठेवा म्हणजे दोन्हीकडून हवा लागेल. दिवाळीनंतर मीटर परत लावा. १२ च्या खाली आला की सुरुवात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोल्हापुरात या कामाला सर्वांत चांगला काळ. एप्रिल-मे मध्ये उलट त्रास, स्पिरिट बोळ्यातच उडून जातं. तेव्हा सकाळी आठच्या आत अस्तर उरका.

पावसाळ्यात नमुन्याच्या फळ्या करायला हरकत नाही, फक्त दोन तेलाच्या हातांमध्ये २४ तासांऐवजी तीन दिवस धरा. फडकं चिकटत नाही आणि बारीक पेपर मारल्यावर पांढरी भुकटी निघते, तेव्हाच पुढचा हात.

---

आजरा_घनसाळ

आणि फडकी. बेलतेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा भुग्याच्या पोत्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते, बोळ्यात ती बाहेर पडत नाही, आणि काही तासात फडकं आपोआप पेट घेतं. काडी लागत नाही, कुणी जवळ लागत नाही. अंगणात एकेक फडकं सुटं पसरून वाळवा, पूर्ण कडक झालं की मग कचऱ्यात. पावसात बाहेर टाकायची सोय नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा. नमुन्याला वापरलेल्या छोट्या चिंधीलाही हेच.